दुधात मिठाचा खडा : जुन्या प्लॅस्टिकचे नवे प्लॅस्टिक करताना

औरंगाबाद शहरात, ज्याचे अधिकृत नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले, २०१८ सालच्या आरंभी कचऱ्याचा जो पेचप्रसंग उद्भवला तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. सुमारे तीन दशके शहराचा सारा केरकचरा नारेगावच्या मैदानावर नेऊन टाकला जात असे. त्या बाजूच्या ग्रामस्थांनी फेब्रुवारी महिन्यात कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. मार्चमध्ये मिटमिट्यास दगडफेक व लाठीमार झाला. आणि उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने नारेगावास कचरा टाकण्यास मनाई केली. शहराचा रोजचा कचरा चारशे टनांच्या घरात. तो जाणार कोठे? रस्त्यांच्या कडेला त्याचे ढीग साचले, आणि त्या ढिगांत डोळ्यांत भरत होते ते प्लॅस्टिक.

आता याच शहरात वाळूज आणि चिकलठाणा येथे पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा तयार करणारे गरवारे यांचे कारखाने आहेत. बिस्किटांची व चिवड्याची वेष्टने ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या पापुद्र्यापासून करतात, तो तयार करणारे कॉस्मो कंपनीचे कारखानेही वाळूज व शेंद्रा येथे आहेत. म्हणजे वेष्टनाचे वस्त्र ज्या गावी विणले जाते, त्याच गावी ते फाटल्यावर ठेवावयास जागा उरली नाही. अशा वेळी साध्या माणसाच्या मनात प्रश्न येतो की, जुने वेष्टन पुन्हा त्या कारखान्याच्या दारी का नेऊ नये? जुन्याचे नवे का करू नये?

हा प्रश्न भाबडा नव्हे. सोनाराकडे जुना दागिना मोडीस दिला, तर तो आटवून त्याचाच नवा घडविता येतो. तांब्यापितळेच्या फुटक्या भांड्यांचीही तीच कथा. मग प्लॅस्टिकच्या बाबतीत अडते कोठे? अडते ते प्लॅस्टिकपाशी नव्हे, तर त्याच्या संगतीने येणाऱ्या परक्या द्रव्यांपाशी. आणि ती द्रव्ये इतकी अल्प असतात की, बाजारातल्या तराजूत ती उमटणारही नाहीत. सोनार रतीभर हीण खपवून घेतो, घट धरतो, आणि व्यवहार पुरा होतो. पेट्रोरसायनांच्या कारखान्यात घट धरण्याची सोय नाही. तेथील न्याय दुधात पडलेल्या मिठाच्या खड्याचा आहे. खडा केवढा हे कोणी विचारीत नाही, दूध नासते.

हे नीट ध्यानात येण्यासाठी प्लॅस्टिक मुळात जन्मास कसे येते ते पाहिले पाहिजे. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात नॅफ्था नावाचा, पेट्रोलसारखा पातळ द्रव निघतो. हा नॅफ्था, किंवा नैसर्गिक वायूतून वेगळे काढलेले ईथेन व प्रोपेन, पाण्याच्या वाफेबरोबर लांबलचक नळ्यांतून भट्टीत सोडतात. तेथे उष्णता ८०० ते ८५० अंश सेल्सिअसची. एका सेकंदाच्याही अंशमात्र वेळात मोठे रेणू फुटतात आणि एथिलीन, प्रोपिलीन असे लहान वायुरूप रेणू तयार होतात. या भट्टीस, आणि तिच्या भोवतीच्या सगळ्या कारखान्यासही, क्रॅकर म्हणतात. ठाण्यास नोसिल कंपनीचा नॅफ्थ्यावर चालणारा क्रॅकर १९६८ साली सुरू झाला होता. तो पुढे बंद पडला. रायगड जिल्ह्यात नागोठण्यास मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर दुसरा उभारला गेला. भट्टीतून निघालेला वायूंचा मेळा दाबून, गोठवणाऱ्या थंडीत नेऊन, काही ठिकाणी तर उणे १०० अंशांच्याही खाली उतरवून, एकेक वायू वेगळा काढतात. मग एथिलीनचे रेणू माळेतल्या मण्यांप्रमाणे एकापुढे एक ओवले की पॉलिएथिलीन होते, आणि प्रोपिलीनचे ओवले की पॉलिप्रॉपिलीन.

ही माळ ओवण्याचे काम, आणि त्याआधीच्या साफसफाईचेही बरेचसे काम, उत्प्रेरकांकडे असते. उत्प्रेरक म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणणारे द्रव्य. त्याच्या पृष्ठभागावर क्रिया घडण्याच्या जागा मोजक्या असतात. पंगतीत पाट मांडलेले असावेत, एक पंगत जेवून उठावी आणि दुसरी बसावी, असा तो क्रम चालतो. या पंगतीत एखादा आगंतुक येऊन बसला आणि उठेचना, तर तो पाट कायमचा अडला. क्लोरीन, सिलिकॉन, फॉस्फरस, आर्सेनिक, पारा ही अशी न उठणारी मंडळी होत. रसायनशास्त्रज्ञ त्यांना उत्प्रेरकाचे विष म्हणतात, आणि तो शब्द मुळीच अतिशयोक्तीचा नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जमिनीतून निघालेले तेल शुद्ध आणि कचऱ्यातून निघालेले तेवढे अशुद्ध, असे नाही. खनिज तेलात गंधक असते, नैसर्गिक वायूत पारा असू शकतो. अल्जीरियात स्किक्डा येथे वायू द्रवरूप करण्याच्या कारखान्यात १९७३ साली या पाऱ्यानेच ॲल्युमिनियमची शीतयंत्रे खाऊन टाकली, तेव्हा जगाला त्याची ओळख पटली. तेव्हापासून वायूतला पारा आधी टिपून घेण्याचा परिपाठ पडला. गंधकाची गोष्ट तर आणखीच मौजेची आहे. ईथेनसारखा गंधकरहित वायू भट्टीत सोडावयाचा असेल, तर त्यात गंधकाचे एक संयुग मुद्दाम घालतात. कारण किंचित गंधकाने नळ्यांच्या धातूवर लेप बसतो आणि काजळी कमी धरते. तात्पर्य, एखादे द्रव्य चांगले की वाईट हे त्याच्या जातीवर नव्हे, तर ते कोठे आणि किती आले यावर ठरते. खनिज तेलातील दोष जुने व ओळखीचे. शंभर वर्षांत त्यांच्याशी वागावे कसे हे माणूस शिकला. कचऱ्यातून येणारे दोष नवे, आणि प्रत्येक गाडीबरोबर बदलणारे.

जुन्या प्लॅस्टिकपासून तेल काढण्याची कल्पना महाराष्ट्राला अपरिचित नाही. नागपुरात रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या आरंभी टाकाऊ प्लॅस्टिकपासून इंधन काढण्याची रीत पुढे आणली आणि तिचा देशभर बोलबाला झाला. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर व शिरीष फडतरे यांनी घरोघरचे प्लॅस्टिक गोळा करून जेजुरीस त्याचे तेल काढण्याचा उद्योग चालविला. दोन्हींच्या मुळाशी तत्त्व एकच. लाकूड हवेवाचून तापविले तर ते जळत नाही, त्याचा कोळसा होतो आणि धूर निघतो. तसेच प्लॅस्टिक हवेवाचून ४०० ते ५०० अंश तापविले तर त्याच्या लांब माळा तुटतात, वाफ निघते, आणि ती थंड केली म्हणजे तेल मिळते. या रीतीस पायरोलिसिस म्हणतात. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांपासून असे तेल सहज निघते, आणि दिसावयास ते डिझेलसारखेच असते.

पण दिसणे निराळे आणि असणे निराळे. हे तेल बॉयलरखाली जाळावयाचे असेल, तर त्यात थोडे इकडचे तिकडचे असले तरी निभावते. तेच तेल नॅफ्थ्याच्या जागी क्रॅकरमध्ये घालून त्याचे नवे प्लॅस्टिक करावयाचे म्हटले, की परीक्षा एकदम कडक होते. जाळून टाकलेले प्लॅस्टिक एकदाच उपयोगी पडते. पुन्हा प्लॅस्टिक झालेले फिरून फिरून उपयोगी पडू शकते. म्हणून दुसऱ्या मार्गाचे महत्त्व अधिक, आणि कठीणही तोच.

या परीक्षेत पहिला आणि मोठा अडथळा म्हणजे क्लोरीन. तो येतो मुख्यतः पॉलिव्हिनिल क्लोराइडमधून, ज्यास व्यवहारात पीव्हीसी म्हणतात. पाण्याचे करडे नळ, विजेच्या तारांवरील आवरण, रेक्झीन, औषधी गोळ्यांची खळगेदार पट्टी, आणि चौकाचौकांत लागणारे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स, ही सारी पीव्हीसीची प्रजा. (या शेवटच्या प्रकाराचा उगम तर बंद होण्याचे लक्षण दिसत नाही.) शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, म्हणजे शेकडा ५७ भाग, क्लोरीन असतो. एक किलो पीव्हीसीत सुमारे ५७० ग्रॅम क्लोरीन झाला. क्रॅकरमध्ये जाणाऱ्या नॅफ्थ्यात क्लोरीन किती चालतो? सर्वसाधारण मर्यादा दहा लाख भागांत ३ भागांच्या आसपास धरतात. म्हणजे एका टनात अवघे ३ ग्रॅम. आता हिशेब करून पाहावा. हजार किलो चांगल्या पिशव्यांच्या राशीत चुकून एक किलो पीव्हीसी मिसळले, आणि त्यातला सगळा क्लोरीन तेलात उतरला असे धरले, तर तो मर्यादेच्या १९० पट होतो. एका फ्लेक्सच्या तुकड्यातील क्लोरीन १९० टन तेलास पुरून उरतो.

प्रत्यक्षात सगळा क्लोरीन तेलात उतरत नाही. पीव्हीसीचा एक विशेष असा की, ३०० अंशांच्या आसपास तापविले की त्यातील बहुतेक क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपाने प्रथम सुटतो. बाकीचे प्लॅस्टिक नंतर फुटते. म्हणून शहाणे कारखानदार दोन पायऱ्यांनी तापवितात. पहिल्या पायरीवर निघणारे आम्ल चुनकळीवर वा तत्सम द्रव्यावर शोषून घेतात आणि मगच पुढे जातात. तरीही काही क्लोरीन तेलाच्या रेणूंशी सोयरीक जुळवून आतच राहतो. साधे आम्ल धुऊन काढता येते. रेणूत गुंतलेला क्लोरीन धुतल्याने जात नाही. त्यासाठी ते तेल प्रचंड दाबाखाली हायड्रोजनबरोबर उत्प्रेरकावरून न्यावे लागते. हायड्रोजन क्लोरीनला ओढून घेतो आणि पुन्हा आम्ल तयार होते. हे आम्ल पोलादाला कुरतडते.

तेवढ्यावर भागले असते तरी बरे. पण त्याच ढिगात नायलॉनचे दोर, गादीतला फोम, खेळण्यांचे टणक प्लॅस्टिक आलेले असते, आणि त्यांत नायट्रोजन असतो. हायड्रोजनच्या संगतीने नायट्रोजनचा अमोनिया होतो. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांची गाठ पडली की काय होते, हे कल्हईवाल्याला ठाऊक आहे. ते त्याच्या पिशवीत असते. त्याचे नाव नवसागर. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो आणि तांबे लख्ख होते, हे जुन्या पिढीतील प्रत्येकाने दारात पाहिले आहे. तोच नवसागर कारखान्याच्या नळ्यांत, वायू जरासा थंड होताच, पांढऱ्या पुटाच्या रूपाने जमू लागतो, वाट बुजवितो आणि पुटाखाली धातू गंजवितो. दोन स्वतंत्र दोष, वेगवेगळ्या वस्तूंतून आलेले, भट्टीपलीकडे एकत्र भेटून तिसरे संकट उभे करतात. एकेका दोषाची मर्यादा कागदावर पाळली तरी त्यांच्या भेटीचा हिशेब निराळा करावा लागतो, आणि अशुद्धींच्या शास्त्रातील खरी कठिणाई येथेच आहे.

सिलिकॉनची तऱ्हा आणखी वेगळी. शांपूच्या बाटलीच्या तळाशी राहिलेला थर, चिकट चिठ्ठ्यांच्या पाठीवरील गुळगुळीत लेप, सांधे बुजविण्याचे रबरासारखे द्रव्य, यांतून सिलिकॉनची संयुगे तेलात येतात. हायड्रोजनच्या भट्टीत ती फुटून उत्प्रेरकाच्या सूक्ष्म छिद्रांत जणू वाळू भरतात. गंधकाने माखलेला उत्प्रेरक पुन्हा कामाजोगा करता येतो. वाळूने भरलेला टाकूनच द्यावा लागतो. सोडियम हा तर आपल्या रोजच्या मिठातला. न धुतलेल्या लोणच्याच्या पाकिटातून, घामट गोणीतून, खाऱ्या पाण्यातून तो येतो, आणि भट्टीच्या लाल तापलेल्या नळ्यांवर बसून त्यांचे आयुष्य घटवितो. त्याची सहनमर्यादा दहा लाखांत एका भागाहूनही पुष्कळ खाली. दुधातल्या मिठाचा दृष्टान्त येथे अक्षरशः खरा ठरतो.

या तेलात आणखी एक खोड जन्मजात असते. त्याचे पुष्कळ रेणू अतृप्त असतात, म्हणजे त्यांचे हात मोकळे असतात. जवसाचे तेल भिंतीवर लावले की हवेने वाळून त्याचा चिवट पापुद्रा होतो. तसे हे तेल साठवणीत, आणि विशेषतः तापविताना, डिंकाळ होते. यात बाहेरून काही आलेले नाही. तरी परिणाम तोच, नळ्या तुंबणे.

आता पॉलिएस्टरकडे वळू, कारण संभाजीनगरच्या कारखान्यांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे. पाण्याच्या बाटल्या ज्या पीईटीच्या, तेही पॉलिएस्टरच. वरील तेलाच्या भट्टीत हे पीईटी शिरले, तर ते स्वतःच अपद्रव्य ठरते. त्यात ऑक्सिजन असल्याने त्याचे तेल होत नाही. मेणचट, भुकटीसारखी आम्ले होतात आणि ती थंड नळ्यांत बसतात. पण तीच बाटली तिच्या जातीच्या मार्गाने नेली, म्हणजे धुऊन, चुरा करून, कोरडी करून वितळविली, तर तिच्यासारखा दुसरा चांगला माल नाही. एकाच्या घरचा पाहुणा दुसऱ्याच्या घरचा चोर, असा हा प्रकार आहे.

पीईटीच्या मार्गातही शत्रू पुन्हा पीव्हीसीच. पीईटी वितळते २५० ते २६० अंशांना. तेथवर जाईपर्यंत पीव्हीसी काळे पडू लागते, त्यातले आम्ल सुटते आणि पीईटीच्या माळा तोडते. माल पिवळा पडतो, त्यात काळे ठिपके येतात. दहा हजार बाटल्यांत पीव्हीसीची एक बाटली शिरली, तरी तो घाणा उत्तम प्रतीच्या कामास निरुपयोगी ठरू शकतो. बाटलीला एक वेळ चालेल. पण केसाहूनही पातळ ताणलेल्या पापुद्र्यात एक ठिपका म्हणजे एक भोक. पाण्याचेही तसेच आहे. वितळविण्यापूर्वी चुऱ्यातील ओलावा दहा लाखांत ५० भागांखाली आणावा लागतो, नाहीतर तापलेले पाणीच माळा कापते.

पीव्हीसी वेगळे काढावे कसे? पाण्यात टाकले की पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, कारण ती पाण्याहून हलकी. झाकणे वर येतात आणि बाटल्यांचा चुरा बुडतो. ही युक्ती सुंदर आहे. पण पीईटीची घनता १.३८ च्या आसपास आणि पीव्हीसीचीही जवळजवळ तेवढीच. दोन्ही जोडीने तळाशी जातात. निसर्गाने येथे माणसाची थट्टाच केली आहे. मग अवरक्त किरणांची यंत्रे येतात, जी प्रत्येक तुकड्यावरून परतणाऱ्या किरणांवरून त्याची जात ओळखतात. परंतु काजळी घालून काळे केलेले प्लॅस्टिक ते किरण गिळून टाकते आणि यंत्र आंधळे होते. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याला याहून साधी कसोटी माहीत असते. रसायनशास्त्रज्ञ बाइलश्टाइन यांनी १८७२ साली दाखविले की, तापलेली तांब्याची तार क्लोरीनयुक्त पदार्थाला टेकवून ज्योतीत धरली तर ज्योत हिरवी होते. ही परीक्षा घरी करू नये. तो धूर विषारी असतो.

कचरावेचक स्त्रिया मात्र तार आणि ज्योत यांवाचूनच हे काम करीत आल्या आहेत. तुकडा मुठीत चुरगळला की आवाज कसा येतो, वाकविला की पांढरी रेघ पडते की नाही, स्पर्श मेणासारखा की रबरासारखा, यावरून त्या जात ठरवितात आणि निरनिराळ्या गोण्यांत टाकतात. भंगारवाल्याचा भाव त्या निवडीवर असतो. कोट्यवधी रुपयांच्या हायड्रोजनच्या भट्टीला जे जड जाते, ते काम एका गोणीच्या तोंडाशी काही सेकंदांत झालेले असते. आणि त्याचे मोल मात्र किलोमागे रुपयांत मोजले जाते. ही विषमता अर्थशास्त्राच्या कोणत्याही न्यायाने समर्थनीय दिसत नाही.

वनस्पतिजन्य कच्च्या मालाचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण नव्याचा तोही एक मार्ग आहे. उसाच्या मळीपासून मद्यार्क, आणि मद्यार्कातील पाणी काढून एथिलीन, ही वाट हिंदुस्थानात जुनी आहे. उत्तराखंडात काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्सचा कारखाना १९८९ पासून याच वाटेने पॉलिएस्टरचा एक घटक बनवीत आला आहे. संभाजीनगराहून फार दूर नसलेल्या कोपरगावजवळच्या साकरवाडीसही मद्यार्कापासून रसायने होतात. मद्यार्काचे सुख असे की, तो ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केल्याने, पुष्कळच स्वच्छ होतो. तळणाच्या तेलाचे तसे नाही. भजी-वडे तळून काळवंडलेले तेल पुन्हा खाण्यात येऊ नये म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली त्यातील बिघडलेल्या द्रव्यांची मर्यादा शेकडा २५ ठरविली आणि उरलेले तेल इंधनाकडे वळविण्याची योजना काढली. या तेलावर हायड्रोजनची क्रिया करून विमानाचे इंधन करता येते, आणि त्याबरोबर थोडा नॅफ्थाही निघतो, जो क्रॅकरला चालतो. पण आधी त्यातील पाणी, मीठ, सुटी मेदाम्ले आणि फॉस्फरस काढावा लागतो. शिवाय मेदाम्लांतील ऑक्सिजनचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तो एथिलीनपर्यंत पोहोचला, तर माळ ओवणाऱ्या उत्प्रेरकाच्या पंगतीत तोही ठाण मांडून बसतो.

इतक्या अडचणी असताना मोठे कारखाने हा माल घेतात तरी कसे? उत्तर आहे, पातळ करून. समुद्रात चिमूटभर मीठ टाकले तर काय होणार? शंभर भाग नॅफ्थ्यात एक-दोन भाग कचऱ्याचे तेल मिसळले की क्लोरीनची मर्यादा सांभाळता येते. जामनगर येथे रिलायन्स कंपनीने २०२४ च्या आरंभी कचऱ्याच्या तेलापासून केलेले, आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेले प्लॅस्टिक बाजारात आणल्याचे जाहीर केले. अशा प्लॅस्टिकच्या प्रमाणपत्राची रीत हिशेबी असते. जितके टन कचऱ्याचे तेल आत गेले, तितक्याच्या मानाने बाहेर पडलेल्या काही टनांवर पुनर्वापरित अशी मोहोर उठवावयाची. त्या विशिष्ट पिशवीत जुन्या प्लॅस्टिकचा अणू असेलच असे नाही. विजेच्या किंवा पेढीतल्या पैशाच्या हिशेबासारखे हे आहे, आणि त्यात फसवणूक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पातळ करण्याला मर्यादा आहे, हे लपविता येत नाही. आज समुद्र नॅफ्थ्याचा आहे म्हणून चिमूट खपते. उद्या चिमटीची ओंजळ करावयाची झाली, तर मीठ काढल्यावाचून गत्यंतर नाही. आणि ओंजळ करावी लागणारच आहे, कारण फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय नियमांनी वेष्टनांत पुनर्वापरित प्लॅस्टिकचा ठराविक हिस्सा घालण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरविले आहे.

मीठ काढावयाचे ते कोठे? तेल झाल्यावर काढावयाचे तर हायड्रोजन, दाब, उत्प्रेरक आणि मिश्रधातूंची भांडी लागतात. तेलापूर्वी काढावयाचे तर पाणी, हात आणि वेळ लागतो. त्याहीपूर्वी, म्हणजे घराच्या ओट्यावर, काढावयाचे तर दोन डबे पुरतात. २०१८ च्या धड्यानंतर या शहरात ओला व सुका कचरा वेगळा घेण्याची रीत घातली गेली, चिकलठाणा, पडेगाव व हर्सूल येथे प्रक्रियेची केंद्रे आली आणि कांचनवाडीस ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याची योजना झाली. वेगळा ठेवलेला सुका कचरा आणि आमटीत भिजलेला सुका कचरा यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने जो फरक आहे, तो सोडियम, फॉस्फरस, नायट्रोजन आणि क्लोरीन या चार नावांनी सांगता येतो.

वर्षानुवर्षे मातीत, पावसात आणि सडक्या अन्नात दबून राहिलेल्या जुन्या ढिगातील प्लॅस्टिकची गोष्ट वेगळी. त्याच्या प्रत्येक घडीत चिकणमाती बसलेली, म्हणजे कॅल्शियम, सिलिकॉन, लोह. त्यात फुटलेल्या नळदिव्यांतला पाराही असणार. असे ढीग उकरून चाळले की जे प्लॅस्टिक निघते, त्यास क्रॅकरचे दार बंद आहे. त्याला सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून पाठविता येते. तेथे क्लोरीन शेकडा एक भागाच्या आसपास चालतो, म्हणजे क्रॅकरच्या मर्यादेच्या तीन हजार पटींहून अधिक. त्यापलीकडे गेला तर सिमेंटवालेही गाडी परत पाठवितात, कारण भट्टीच्या आत क्षारांचे कडे धरते. काल टाकलेली स्वच्छ, कोरडी दुधाची पिशवी आणि वीस वर्षांपूर्वी पुरलेली तीच पिशवी, दोन्ही एकाच पॉलिएथिलीनच्या. पहिली पुन्हा पिशवी होऊ शकते, दुसरी फार तर राख.